कोरडं पातं

लोखंडावर करवत चाललेली ऐकली की अमडापूरकडची ती चोरी मला आजही आठवते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, दुसरी मोठी लढाई चालू होती आणि मी त्या भागात ठाणेदार होतो. शेजारच्या ठाणेदाराला दरोडे मिळत आणि बक्षिसंही. माझ्या वाट्याला बैलचोऱ्या आणि बांधाची भांडणं. मला त्याचा हेवा वाटायचा.

कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिन मोडीत निघालं होतं. ठेकेदाराने लोखंड कापायला दोन कारागीर लावले होते, एक मुसलमान मिस्त्री आणि एक माळकरी लोहार. लढाईमुळे करवतीची चांगली पाती बाजारात मिळेनाशी झाली होती. ठेकेदाराजवळ होती तेवढी जाड विलायती पाती त्याने मिस्त्रीला दिली आणि बॉयलर कापायचं मानाचं कामही त्यालाच दिलं. लोहाराच्या हाती साधी पातळ पाती आली. ती गर्डरवर मोडायची आणि मजूर हसायचे.

एका सकाळी तो लोहार ठाण्यात आला. “साहेब, जिनातल्या कोठीच्या खिडकीचा गज कापला. पितळी बेअरिंगं गेली. खाली मिस्त्रीचं जाड पातं पडून हाय.”

पंचनामा केला. गज कापलेला होता आणि खाली जाड पात्याचा तुकडा होता. मिस्त्रीला ताब्यात घेतलं. पातं तापू नये म्हणून तो त्याला बकऱ्याची चरबी चोळायचा. त्याच्या पात्यांचं गाठोडं जप्त करताना माझे हात माखले, खाकीलाही डाग पडला. मी त्याच्यावर खेकसलो.

तो म्हणाला, “चोरी मी नाही केली साहेब. पन चोर ठरलो तर कोनता ठेकेदार मले जिनात पाय ठेवू देईन? या हाताले दुसरं काही येत नाही.”

असं सगळेच म्हणतात. मी त्याला कोठडीत घातलं आणि मुद्देमालाला चिठ्ठी लावायला बसलो. खिडकीखालचा तुकडा हातात घेतला आणि थांबलो. बोटांना काहीच लागलं नाही. पातं कोरडं होतं, आणि टोकाच्या भोकात राख चिकटली होती. चरबीत बुडालेलं पातं राखेने घासून कोण वापरील?

लोहाराला बोलावलं. जमादार बाजूलाच चुलीवर चहा करत होता. मी गाठोडं लोहारापुढे टाकलं. “यातलं जाड पातं काढून दे बरं.”

त्याने हात पुढे केला, मागे घेतला. मग चुलीकडे पाहिलं. “साहेब, थोडी राख भेटीन का?”

मी खिडकीखालच्या पात्याच्या भोकातली राख त्याला दाखवली. त्याचा चेहरा पडला. त्याने गळ्यातली माळ मुठीत धरली.

म्हणाला, “लोहार मी. मंग बॉयलर त्याले काऊन? चांगलं पातं त्याले काऊन?”

बेअरिंगं त्याने सांगितली तिथेच, जिनाच्या कोरड्या विहिरीत सापडली. त्यातलं एकही त्याने विकलं नव्हतं. मी मिस्त्रीला स्वतः जिनावर नेलं आणि ठेकेदारापुढे, मजुरांपुढे सांगितलं की हा चोर नाही. मिस्त्रीने मला सलाम केला आणि सरळ बॉयलरकडे गेला.

लोहाराला कोठडीत भाकर दिली. जामिनाचं विचारील असं मला वाटलं होतं.

“साहेब, आता बॉयलर कोन कापून राह्यलं?”

“मिस्त्री.”

त्याने भाकर बाजूला सरकवली.

चोराची भूक मी पुष्कळ पाहिली, ती माल मिळाला की भागते. हेवेकऱ्याला स्वतःसाठी काही नको असतं, फक्त दुसऱ्याच्या ताटात नको असतं. एवढं त्या लोहाराने मला शिकवलं. पुढे शेजारचा तो ठाणेदार माझ्याआधी सर्कल इन्स्पेक्टर झाला. मी भेटायला गेलो. त्याने पेढा हातावर ठेवला, मी तो बशीत ठेवून दिला. मग मला ती सरकवलेली भाकर आठवली आणि मी पेढा खाल्ला.