तिसरं कडवं

मॉरिसव्हिलहून निघताना काकूंनी पर्समध्ये चिवड्याची पुडी टाकली आणि ती थिएटरच्या दारात अडवली गेली. बाहेरचं खाणं आत चालत नाही, जाताना घेऊन जा, असं रखवालदार नम्रपणे म्हणाला. आत कोमट हॉटडॉग होते. ते चालत होते.

मी नाशिकहून अमेरिकेत काकांकडे येऊन चार दिवस झाले होते. वसंतकाका इथले निवृत्त डॉक्टर, वय ऐंशी. जुन्या जमान्यातल्या, स्वतःची गाणी स्वतःच गाणाऱ्या एका दिवंगत अमेरिकन गीतकाराच्या ‘ट्रिब्यूट’चा (सत्कारच, पण सत्कारमूर्ती कटकट करायला हयात नसतो) दुपारचा खेळ त्यांनी महिनाभर आधी ठरवला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं मंजूर नकाशाप्रमाणे उभी होती. गाडी चालवताना काकांनी कारण सांगितलं.

“त्यांचं एक गाणं आहे. रेकॉर्डवर दोनच कडवी. पण आम्ही या देशात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, बफेलोला, त्यांना प्रत्यक्ष ऐकलं. तिथे ते तिसरं म्हणाले. चाल डोक्यात आहे, शब्द गेले.”

“फोनवर शोधलंत?”

“अरे, सगळीकडे शोधलं. आज नाही मिळालं तर मग कुठे मिळणार?”

काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

थिएटरच्या दालनात काचेच्या पेटीत गीतकाराचा चष्मा, पेन आणि अर्धवट ओढलेला सिगार होता. आपण पादुकांसमोर उभे राहतो तसे लोक उभे होते, फक्त चपला घालून.

रंगमंचावर पांढऱ्या कोटातला निवेदक आला. गीतकाराचं बालपण गरिबीत गेलं, हे त्याने चार वेळा सांगितलं आणि दोनदा ठरल्या जागी डोळे पुसले. मागे पडद्यावर सूर्य मावळत होता. गाणी मात्र ‘मेडली’त (तुकडे जोडून शिवलेली गोधडी) येत. एखादं गाणं जरा रंगात आलं की ढोल वाजे आणि दुसरं सुरू होई. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन माणसाला गप्प करतात. इथे मेल्यावरही सोडत नाहीत.

मध्यंतरात काकांनी कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा फाडून फर्माईश लिहिली: गाण्याचं नाव आणि खाली ‘कृपया तिसरं कडवं.’ मैफलीत चिठ्ठी पाठवायची ही पुण्याची सवय त्यांनी इतकी वर्षं जपली होती. जागा दाखवणाऱ्या बाईंनी चिठ्ठी दोन बोटांत धरली.

“सर, इज धिस अ मेडिकल इमर्जन्सी?”

“ऑलमोस्ट,” काका म्हणाले.

उत्तरार्धात निवेदकाने चिठ्ठी फडकवली. आपल्यात थेट इंडियाहून आलेला एक चाहता आहे, असं त्याने जाहीर केलं. थेट म्हणजे बफेलो आणि मॉरिसव्हिल मार्गे पंचेचाळीस वर्षांत. काकांवर झोत आला, त्यांना उभं केलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग गाण्याच्या दोन ओळी झाल्या आणि ढोल वाजला. काका झोतात हात कानामागे धरून तसेच उभे होते.

खेळ संपल्यावर त्यांनी निवेदकाला दालनात गाठलं.

“तिसरं कडवं नाहीच, सर. आम्ही सगळं तपासलंय,” तो म्हणाला आणि सही केलेला फोटो दिला. स्वतःचा.

परतीच्या वाटेला लागलो. उन्हं पाइनमागे गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, तो कोटवाला खरं बोलला. शब्द नव्हतेच.”

“म्हणजे?”

“बाहेर बर्फ पडत होता, कोणी उठेना. म्हणून ते आणखी एकदा नुसतं गुणगुणले. मी शेजारीच होते की.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“शोधता शोधता तुम्ही रोज चाल म्हणत होता. कशाला थांबवायचं?”

काकांनी तो फोटो माझ्याकडे मागे दिला. मी त्यावर चिवडा ओतला. थोड्या वेळाने ते गुणगुणू लागले. दोन तासांच्या त्या खेळात गीतकाराचा सिगारसुद्धा होता, पण लोक उठेनात म्हणून तो माणूस थांबून गुणगुणला होता, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. घर येईपर्यंत तिसरं कडवं दोनदा पुरं झालं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आमचे हात तेलकट होते.