मावशीचा नकार आणि माझा उपडा कप

मी आयुष्यात पुष्कळ ठराव लिहिले. पण स्वतः लिहिलेला ठराव दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर गिळून टाकणारा सेक्रेटरी नागपुरात मी एकटाच असेन.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. संत्र्याचं सरबत बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून होतो आणि आमच्या छोट्याशा युनियनचा सेक्रेटरी. त्या दिवसांत पेपर उघडला की बैरुत आणि त्यावर पडणारे इस्रायलचे बॉम्ब. पॅलेस्टिनी लोकांच्या छावण्या, ढिगारे, ढिगाऱ्यांवर बसलेल्या बाया. आणि नेमका हाच मुहूर्त आमच्या मॅनेजरसाहेबांना सापडला. ठिबक सिंचनाचे इस्रायली पाइप विकणारा एक एजंट त्यांनी मुंबईहून बोलावला. आसपासच्या बागाईतदारांना तो तिथल्या संत्राबागांचा सिनेमा दाखवणार होता, आणि चहापाणी आमच्या कँटीनमध्ये.

एजंटनं आधी कॅलेंडरं पाठवली. त्यांवर फळांनी वाकलेली झाडं आणि खाली मजकूर, वाळवंटात फुलवलेली बाग. कँटीनमध्ये चहा करणारी मावशी सावनेरकडच्या खेड्यातली, लहानपणापासून बागांत राबलेली. ती कॅलेंडरासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे वाळवंट होतं म्हन्ते?"

"तसं लिहिलंय खरं."

"लिहिनारा खोटारडा हाये गा. खोड पाह्य. हे झाड माह्याहून म्हातारं हाये. कोनं लावलं हे?"

मी सांगितलं, की तिथल्या कितीतरी जुन्या बागा पॅलेस्टिनी लोकांच्या होत्या. अठ्ठेचाळीस साली त्यांना घरादारातून जावं लागलं, आणि तीच माणसं, त्यांचीच मुलं आता छावण्यांत बॉम्ब झेलताहेत.

"अन् त्या झाडाच्या कौतुकाले मी चहा उकळू?"

पाळी सुटल्यावर गेटवर सभा झाली. ठराव मी लिहिला: या कार्यक्रमात आमच्यापैकी कोणीही काम करणार नाही, काही खाणार नाही, पिणार नाही. ते 'पिणार नाही' माझं खास. वजनकाट्यावरचा माणूस, ठरावाला वजन हवं म्हणून घातलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं शेगडी पेटवलीच नाही. हात बांधून स्टुलावर बसली. मॅनेजरनं बाहेरच्या टपरीवरून चहा मागवला. मी निषेधाचं पत्र घेऊन छाती काढून आत शिरलो. साहेबांनी एका हातानं पत्र घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या हातात कप दिला. आता चहाला नाही म्हणायची माझ्या हाताला सवयच नव्हती. बशीत आलूबोंडाही होता, तोही काही बोलला नाही. तेवढ्यात एजंटच्या फोटोग्राफरनं बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी मावशीच्या हातात चार्जशीट, आणि चौकशी होईपर्यंत काम बंद. हुकूम मोडला, पाहुण्यांचा अपमान केला, कामावरून का काढू नये? घरात कमावणारी ती एकटी. चौकशीत तिची बाजू मांडायला युनियनतर्फे कोण, तर अस्मादिक.

मॅनेजरनं टेबलावर फोटो ठेवला. मी, कप, मागे त्या बागेचं चित्र. तोंड बोंड्यानं फुगलेलं.

"सेक्रेटरी तर मजेत चहा पिताहेत. मग बहिष्कार कसला? ही शुद्ध कामचुकारी," साहेब म्हणाले. मग मावशीकडे वळून म्हणाले, "तुम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतलीत तेव्हा गावानं तुमच्यावर बहिष्कार टाकला होता ना? तेव्हा अन्याय वाटला. आज तेच तुम्ही करता?"

हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. ज्यांच्या विहिरीवर काटे टाकले, ज्यांना दुकानदारानं मीठ दिलं नाही, त्यांच्याच तोंडावर त्यांचं दुखणं फेकून मारायचं! मी उठून काहीतरी ओरडणार होतो. मावशीनं हातानंच मला बसवलं.

"त्याइनं आमचं पानी बंद केलं होतं साहेब. मी कोनाचं पानी बंद नाई केलं. तुमचा पाहुना बाहेरचा चहा पेऊन गेला. मी फक्त माह्या हातचा नाई देल्ला. हात तं माहे हायेत ना?"

साहेबांनी फोटो पुन्हा माझ्यापुढे सरकवला. तो मी नव्हेच असं म्हणायची फार इच्छा झाली, पण कानांवरून मला नागपुरात कोणीही ओळखलं असतं. शेवटी म्हणालो, "ठराव खरा आहे. लिहिला मी आणि मोडलाही मीच. पाळला तो या बाईनं. माझ्या जिभेची शिक्षा तिला का?"

"लिहून द्या."

लिहून दिलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी संत्री सोलणाऱ्या बायांकडे गेली. सकाळी साहेबांच्या टेबलावर अंगठ्याच्या ठशांनी भरलेला कागद होता: आम्हीही चहा दिला नसता, आम्हालाही चार्जशीट द्या. बाहेर आंबिया बहाराच्या फळांचे ढीग लागलेले, आणि संत्री कोणाच्या चौकशीसाठी थांबत नाहीत. मावशी ताकीद घेऊन कामावर परतली. मला ठराव लिहिल्याबद्दल चार्जशीट मिळालं. ती ताकीद मात्र तिच्या फायलीत शेवटपर्यंत राहिली. कोणाच्या कौतुकाला हातभार लावायचा नाही, एवढं ठरवायलाही या देशात कामगाराला साहेबाची परवानगी लागावी! याचा राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

मावशी परतली त्या दिवशी मी कँटीनमध्ये जरा ऐटीतच गेलो. तिनं सगळ्यांचे कप भरले. माझा उपडा घातला.

"हे काय मावशी?"

"ठरावात 'पिनार नाई' कोनं लिहिलं होतं? आता आठ दिवस पाळ."

बाया खिदळल्या. मी मान खाली घालून बसलो. मग तिनं माझ्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला. तो तिनं आठही दिवस ठेवला, न मागता.