काळ्या पट्ट्यांची वही

मी दवाखाने तपासते. म्हणजे यंत्रं, सुया, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या आणि वह्या तपासते. माणसं तपासायला डॉक्टर आहेत. या नोकरीत माझा दरारा होता आणि तो मला आवडायचा, हे आधीच कबूल करते. मी जिना चढताना दिसले की वर लगबग सुरू व्हायची. खिडक्या पुसल्या जायच्या, हातमोज्यांचा नवा खोका फोडला जायचा. चेहरा कडक ठेवून मी मनातल्या मनात सुखावायचे.

जरीपटक्याच्या बाजारात, बॅगांच्या एका दुकानावर, दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर पन्नाशी उलटलेले, हळू बोलणारे, हाताला यश असलेले. मदतीला एक बाई, कित्येक वर्षांपासून त्यांच्याकडेच. मागच्या वर्षी मी तिथे तपासणीला गेले तेव्हा सगळं लख्ख होतं, फक्त एक वही कोरी होती. दात काढायचे चिमटे वगैरे निर्जंतुक करायला कुकरसारखं वाफेचं यंत्र असतं. दर खेपेला अवजारांसोबत त्यात कागदाची एक पट्टी टाकायची. आत पुरेशी वाफ आणि उष्णता मिळाली तर पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. मग ती पट्टी तारीख घालून वहीत चिकटवायची. एवढंही यांना जमू नये म्हणून माझं डोकं सणकलं. त्या बाईला समोर उभं करून मी झापलं, "या वहीत रोज एक काळी पट्टी दिसली पाहिजे. पुढच्या वेळी पान कोरं दिसलं तर कुलूप लावीन." ती मुकाट्यानं मान हलवत राहिली. डॉक्टरांनी तर्री-पोहे मागवले, मी ते खाल्ले, यंत्र न उघडताच "बाकी समाधानकारक" असं लिहिलं आणि खाली सही केली.

यंदा माझ्या मुलीची अक्कलदाढ दुखायला लागली. ती वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, पण सुई पाहिली की पाच वर्षांची होते. आम्ही राहतो धरमपेठेत. तिथे डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो दातांच्या डॉक्टरलाच लागेल, पण मी तिला मुद्दाम जरीपटक्याला पाठवलं. "मी स्वतः तपासलेला दवाखाना आहे," असं वर ऐटीत सांगितलं. एका गुरुवारी डॉक्टरांनी तिची दाढ काढली. मी कामावर होते, ती एकटीच गेली आणि गाल सुजवून, आइस्क्रीमची मागणी करत परत आली.

त्यानंतरच्या आठवड्यात, शनिवारी, त्याच दवाखान्याची तपासणी माझ्याकडे आली. मी खुशीत गेले. बाईनं मी मागायच्या आधीच वही पुढे केली. प्रत्येक तारखेपुढे एक पट्टी, सरळ रेषेत, काळीभोर. मी पानं उलटत होते आणि शाबासकी द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात माझं बोट एका रविवारावर थांबलं.

"रविवारी दवाखाना बंद असतो ना?" मी विचारलं.

"हो ना मॅडम. रविवारी कोन येते?"

"मग ही पट्टी?"

तिनं खण ओढला आणि स्टीलची एक डबी माझ्यासमोर उघडली. आत काळ्या झालेल्या पट्ट्यांचा जुडगा होता, रबरबँड लावलेला.

"एक तारखेले पुऱ्या महिन्याच्या पट्ट्या एकाच टायमाले मशीनमदी टाकून घेतो मॅडम. मंग रोज एक चिपकवतो. एक बी दिवस सुटला नाही, पाहून घ्या."

"आणि अवजारं?" मी विचारलं.

"ते औषधाच्या पान्यात बुडवून पुसून घेतो. मशीन लई टाइम खाते ना. पेशंट बसून राह्यते."

"असं करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

ती गोंधळली. "आता मॅडम, तुमीच तं सांगून गेल्त्या, रोज एक काळी पट्टी पाहिजे मनून."

ती खोटं बोलत नव्हती. लबाड असती तर रविवार तरी सोडला असता. तिच्या लेखी पट्टी ही तपासायला येणाऱ्या मॅडमसाठी होती, आणि तिचा तसा समज मीच करून दिला होता. रेघा काळ्या का होतात, न झाल्या तर काय होतं, यातलं एक अक्षर मी तिला सांगितलं नव्हतं. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. "मला वाटलं..." एवढंच म्हणाले आणि पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसले. एरवी मी दोघांची चामडी सोलली असती. त्या दिवशी मी फक्त पेशंटचं रजिस्टर मागितलं.

गुरुवारच्या पानावर माझ्या मुलीचं नाव पाचवं होतं. पुढे "दाढ काढली." तिच्या वरच्या ओळीत एका बाईचं नाव, पुढे तेच. म्हणजे चिमटाही तोच, पुसलेला. दुसऱ्याच्या रक्तातून काय काय येऊ शकतं त्याचे तक्ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेले आहेत. वर्षानुवर्षं मी त्यांच्याखाली बसून डबा खाल्ला. त्यातली दोन काविळींची नावं मला आठवत होती, तिसऱ्या रोगाचं नाव मनात आणायची हिंमत होत नव्हती.

दवाखाना त्याच दिवशी बंद करवला. अहवाल लिहिला. मागच्या वर्षी सही कोणाची होती, या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबला, मग स्वतःचं नाव लिहिलं. हे सगळं मी शांतपणे केलं असं लोक नंतर म्हणाले. ती शांतता नव्हती, मला घरी जायची भीती वाटत होती.

मुलीला सांगितलं तेव्हा आधी ती हसली. मग हसू गेलं. "आई, पण तू चेक केलं होतं ना?" संध्याकाळीच तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट चांगला आला, पण लॅबमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यावरून फक्त आधी काही नव्हतं एवढंच कळतं. त्या गुरुवारी काही शिरलं असेल तर ते तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसेल. तीन महिने! घरी आल्यावर तिनं आपला पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. असं पसरत नाही गं, मी सांगितलं. तरी तिनं तो वेगळाच ठेवला, आणि मी गॅलरीत जाऊन उगाच कपड्यांच्या घड्या करत बसले.

त्या दवाखान्यात दात काढलेल्या सगळ्यांना फोन करून रक्त तपासून घ्यायला सांगायचं होतं. ते काम मी मागून घेतलं. साहेबांना वाटलं, किती कर्तव्यदक्ष बाई आहे! मला एकच फोन करायचा होता. मुलीच्या वरच्या ओळीतल्या बाईला काही नसेल तर माझ्या मुलीलाही काही नसेल, असा हिशेब मी मनाशी घट्ट धरून ठेवला होता.

सोमवारी सकाळी फोन लावला. ती गांधीबागेत साड्यांना फॉल-पिको करणारी निघाली. मागे शिलाई मशीन चालू होती. मी काय झालं ते सांगितलं आणि मशीन थांबली.

"काहून वं बाई, तिथं कोनी पाह्याले जात नोहतं का?"

"जात होतं. मीच जायचे."

"तुह्या घरचं कोनी असतं तं समजलं असतं तुले."

"माझी मुलगी आहे. त्याच गुरुवारी, तुमच्या लगेच नंतर."

मग म्हणाली, "ते निळ्या ड्रेसवाली? लई भेत होती वं पोरगी. मीच तिले मनलं, काही नाही होत, मले पाह्य." मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आजच जातो मी. रिपोर्ट आला का तुले फोन करतो."

दोन दिवस मी माणसात नव्हते. फोन वाजला की झडप घालायचे, नाही वाजला की तो चालू आहे ना ते पाहायचे. वरण दोनदा करपलं. तिला कावीळ झाली असेल का, तिच्या नवऱ्याला काही असेल का, असं नको नको ते त्या भल्या बाईबद्दल मी मनात आणलं. तिची काळजी वाटून नव्हे, हेही सांगून टाकते.

बुधवारी दुपारी मी जेवायला घरी आले होते तेव्हा तिचा फोन आला. "चांगला आला वं बाई. तिन्ही चांगले. सांग तुह्या पोरीले."

मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि मोठ्यानं रडले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "पन माह्या आधी एक बुढा बाबा होता, थरथर करे. त्याचे दोन दात काढले. त्याले बी चांगलाच आला ना?"

फोन करायच्या पेशंटची यादी ओट्यावरच पडली होती. ज्याला फोन झाला त्याच्या नावापुढे खूण करायची होती. अख्ख्या पानावर एकच खूण होती, तिच्या नावापुढे.

"त्यांना अजून फोन केला नाही," मी म्हणाले.

"काहून?" तिनं विचारलं.