बाबुराव आत, आम्ही बाहेर

आमच्या पहिल्याच गिऱ्हाईकाला आम्ही त्याच्याच दुकानात कोंडून टाकलं. उद्घाटनाच्या दिवशी. पाहुण्यांसमोर. गळ्यात हार घालून!

धंदा घरचाच. सासरे, म्हणजे अण्णा, भिंगारच्या लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले सुतार. नवरा विजय एमआयडीसीतली नोकरी सोडून आलेला. आणि मी इंटिरियरचा कोर्स केलेली (सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं आहे, या, बघून जा). घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दुकानं, ऑफिसं सजवून द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा चुलत सासरे तात्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "सुनेनं नकाशा काढायचा आन् सासऱ्यानं रंधा मारायचा! दिवाळीच्या आत या शेडमध्ये शेळ्या बांधताल तुमी."

"तात्या, पहिल्या उद्घाटनाला तुम्हालाच पुढच्या खुर्चीत बसवते," मी म्हणाले. (हेच नडलं.)

पहिलं काम तिसगावचं. बाबुरावांचं कापडाचं दुकान. बाबुराव माणूस मोठा. मनानंही, पोटानंही. मी नकाशा काढला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध, छातीएवढं उंच, वर काच, आत लाईट. असं काऊंटर नगरमध्येसुद्धा नव्हतं! अण्णांनी ते लष्करी शिस्तीनं बनवलं. आधी चिकटवायचं, मग खिळे, मग स्क्रू. "रणगाडा धडकला तर रणगाड्याला लागलं पायजे," अण्णा म्हणाले.

मधला तुकडा टेम्पोनं यायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा गुरुजी घड्याळ दाखवत होते. "मुहूर्त टळतोय, मालकांनी गादीवर बसून घ्या!" बाबुराव मधल्या मोकळ्या जागेतून काऊंटरमागं गेले आणि गादीवर बसले. इकडे पूजा, तिकडे अण्णा आणि विजय मधला तुकडा ठोकून बसवतायत. आरती आणि शेवटचा स्क्रू एकदमच संपले. टाळ्या पडल्या. मी तात्यांकडे बघून मान उडवली.

तेवढ्यात बाबुरावांच्या बायकोनं हाक मारली, "आवो, भाईर या की! पाव्हणे आलेत."

बाबुराव उठले. डावीकडे गेले. भिंत. उजवीकडे गेले. भिंत.

"वहिनी," त्यांनी मला हळूच विचारलं, "भाईर कुठनं यायचं?"

मी हसले. मग नकाशा आठवला. मग हसू गेलं. काऊंटरला दारच नव्हतं!

"अण्णा, तुमच्या तरी लक्षात यायला नको का?" विजय कुजबुजला.

"नकाशात न्हवतं. नकाशाच्या भाईर मी जात न्हाई."

"मग काढा एक फळी!"

"मी बसवलेलं निघत न्हाई," अण्णा अभिमानानं म्हणाले.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "चुकलं वाटतं सूनबाई?"

"चुकलं कसलं? चोर आत जाऊ शकत नाही!" मी म्हणाले. "सुरक्षेचं डिझाईन आहे हे!"

"मालक भाईर येऊ शकत न्हाई त्याचं काय?"

वरून यावं तर काच. शेवटी खालच्या कप्प्यातल्या साड्या उपसल्या, पुढची काच सरकवून काढली आणि बाबुरावांना म्हटलं, रांगत या. डोकं आलं. खांदे आले. हारसुद्धा आला. पोट आलं नाही. विजय एक हात ओढतोय, अण्णा दुसरा, आणि मी आपली "श्वास सोडा, श्वास सोडा!" करतेय, तेवढ्यात प्रमुख पाहुण्या सरपंचबाई दारात हजर! त्यांना दिसलं एवढंच, की दुकानाचा मालक त्यांच्या पायाशी लोटांगण घालून पडलाय.

"अरं ऊठ बाबा, ऊठ! पाया काय पडतो?" बाई भारावून गेल्या. "यशस्वी हो!"

"उठलोच असतो वो," बाबुराव कळवळले.

मग करवत आली. अण्णांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं काऊंटर कापलं. करवतीच्या प्रत्येक ओढीला त्यांचा चेहरा असा, की जणू कुणी त्यांचंच बोट कापतंय. बाबुराव सुटले आणि तात्या खुर्चीतून उठले. "झाली हौस? आता करा बंद."

"बंद?" माझा आवाज चढला. "तात्या, कापायला एवढा वेळ लागला, बघितलंत ना? असं काम जिल्ह्यात दुसरं कुणी करून दाखवावं! आज दार राहिलं. उद्या खिडकी राहील. पण शेड चालू राहील!"

सरपंचबाईंनी काऊंटरवर दोन थापा मारल्या आणि मला बाजूला घेतलं.

"सोनईला माझ्या लेकाचं मेडिकल हाय. घटकाभर गल्ल्यावर बसत न्हाई, सारखा चहाच्या टपरीवर. त्याला असंच एक काऊंटर करून दे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बिनदाराचंच."

तर असा आमचा धंदा उभा राहिला, आणि अजून उभा आहे. आता मी नकाशात आधी दारं काढते, मग बाकीचं दुकान. परवा नगरच्या एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, दवाखाना सुंदर झालाय. पण तीनपैकी दोन दारं भिंत घालून बुजवून द्या. पेशंट एका दारानं आत येतो, माझ्या हातातलं मशीन बघतो, आणि उरलेल्या दोनांपैकी सोयीचं दार निवडतो!"