बंदराचे उपयोग

लेकीने परदेशातून पाठवलेलं पार्सल बंदरात पोचल्याचा निरोप आज मोबाइलवर आला, आणि इथे महाल भागातल्या घरात बसल्या बसल्या माझी मान खाली गेली. पारशिवनीजवळच्या शाळेतली वंदना आठवली.

चौथीचा भूगोल होता. 'बंदराचे उपयोग लिहा,' असा प्रश्न मी दिला होता. जहाजं, माल, व्यापार, असं काही मला हवं होतं. समुद्र तिथे कोणीच पाहिला नव्हता, मीसुद्धा. वंदनाने लिहिलं, 'बंदराचा उपयोग नाही. तो तुरीच्या शेंगा खातो.' मी ते मोठ्याने वाचलं. वर्गाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी हसले म्हणून सगळे हसले.

"पण खातेच नं बाई," ती हळूच म्हणाली. "आमच्या वावरात रोज येते जी."

"अगं, माकड नव्हे, जहाजांचं बंदर!" म्हणत मी पुन्हा हसले. त्या भरात तिच्या उत्तराचा शेवट वाचायचा राहिला. वही तपासताना तो दिसला, आणि त्यावरही मी लाल फुली मारली.

'बंदर आला की मी राखणीला जाते. माझी शाळा बुडते.'