डोर्नक्रालचा समुद्र

डोर्नक्रालपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर. मध्ये नुसतं कारू नावाचं ओसाड माळरान, मेंढ्या आणि पवनचक्क्या. तरी गावच्या हायस्कूलची अख्खी बारावी दर वर्षी समुद्रावर जाऊन यायची, तेही आफ्रिकान्समधून, म्हणजे मळेवाल्यांच्या भाषेतून. दुसऱ्या भाषेच्या तोंडी परीक्षेत विषय ठरलेला होता, 'माझी सुट्टी', आणि उत्तरही ठरलेलं होतं. ती भाषा शिकवणाऱ्या प्लाइकीसबाईंनी कधीकाळी लिहून दिलेला एक कागद मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे, धाकटीकडून शेजाऱ्याच्या पोराकडे असा फिरत राही. त्यात बेटीमावशीचं समुद्राकाठचं घर होतं, लाल छत्री होती, काका मासे तळत होते आणि धाकट्या भावाला खेकडा चावत होता. ज्यांना भाऊच नव्हता त्यांच्याही भावाला चावायचा. मुलं घरी खोसा भाषा बोलणारी. बेटी नावाची मावशी त्यांच्यात एकालाही नव्हती. पण कागद धडाधड म्हटला की सत्तर गुण. याला शिक्षण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

नोलुंडी मासेतीला त्या कागदाची गरजच नव्हती. तिला ती भाषा खरोखर येत होती. तिचे वडील झोलिले हे लोकर कातरणाऱ्या टोळीचे मुकादम. सुट्टी लागली की तीही टोळीबरोबर एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जायची आणि शेडमधल्या लांब टेबलाशी दिवसभर लोकर निवडायची. पोटाखालची वेगळी, शेण लागलेली वेगळी, पाठीवरची लांब धाग्याची वेगळी. मळेवाल्यांशी आणि त्यांच्या गड्यांशी बोलून बोलून आफ्रिकान्स तिच्या जिभेवर बसली होती. पुढे लोकरीची पारख शिकायची हे तिचं ठरलेलं होतं. कृषी महाविद्यालयाने जागाही देऊ केली होती. अट एकच: तोंडी परीक्षेत पास होण्यापुरते, शंभरात चाळीस हवेत, कारण तिथे शिकवतात त्याच भाषेत.

परीक्षेला ती उभी राहिली आणि तिने आपली खरी सुट्टी सांगितली. गोचिड्या कशा काढतात, मेंढीला कातरी लागली तर काय लावतात, मऊ लोकर डोळे मिटून बोटांनी कशी ओळखतात. बाईंनी बेचाळीस दिले. तिने वर्गाबाहेर बाईंना गाठलं.

"बाई, माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही गं. पण शेण, गोचिड्या, रक्त, हे काय परीक्षेत सांगायचं असतं? उद्या जिल्ह्याचे साहेब तपासायला येणार. ते म्हणतील, या शाळेतली पोरं अजून गोठ्यातच आहेत."

बाई काही परक्या नव्हत्या. त्यांचे वडीलही एका मळ्यावर मेंढ्या राखत होते, आणि दुखणं बहुधा तिथेच होतं. नोलुंडीचं अंग रागाने तापलं, पण बेचाळीस म्हणजे दोन गुण वरच होते. ती घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नमुन्याला तीन मुलं ऐकायची पद्धत होती. बाईंनी आपले तिघे सत्तरवाले पुढे केले. पहिला बेटीमावशीकडे जाऊन आला. दुसरीही तिथेच जाऊन आली. तिसऱ्या लुवुयोच्या भावाला खेकडा चावला तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पाणी कसं होतं रे समुद्राचं?"

हे काही कागदावर नव्हतं. डोर्नक्रालचं बोअरचं पाणी इतकं मचूळ की चहा पिववत नाही. त्यामुळे कुठेही पाहुणा गेलेला माणूस येताना कॅन भरून आणतो. लुवुयोने आपल्या अकलेने उत्तर दिलं.

"गोड होतं, सर. दोन कॅन भरून घरी आणलं आम्ही."

साहेब हसलेसुद्धा नाहीत. वर्गाने घोकंपट्टी केली आहे असा शेरा मारून त्यांनी सगळ्यांचे सरसकट दहा गुण कापले. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. सत्तरवाल्यांचे साठ झाले आणि ते आरामात पास झाले. नोलुंडीचे झाले बत्तीस. वर्गात जी एकटी खरं बोलली तीच एकटी नापास, आणि साहेबांनी तिचा आवाजही ऐकला नव्हता. झोलिले स्वच्छ कोट घालून, टोपी हातात धरून शाळेत गेले, अर्धा दिवस बाकावर बसले. गुणांचे तक्ते वर गेलेत, आता काही होत नाही, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

महाविद्यालयातली जागा गेली. वर्षभराने नोलुंडी पुन्हा त्याच वर्गात उभी राहिली. या खेपेला तिच्याही नसलेल्या भावाला खेकडा चावला. महाविद्यालयातली जागा परत मिळाली आणि गुण मिळाले चौऱ्याहत्तर. ते तिला आयुष्यात मिळालेले सगळ्यात लाजिरवाणे गुण, असं ती आजही म्हणते.

आज नोलुंडीने हात लावल्याशिवाय त्या भागातले मळेवाले लोकरीची गासडी बांधत नाहीत. नावामागे मान आला, दाराशी गाडी आली. राग मात्र कुठेच गेला नव्हता. एके दिवशी तिची मुलगी सिनाझो शाळेतून आली आणि एक झेरॉक्स समोर धरून घोकू लागली. बेटीमावशी, लाल छत्री, खेकडा. वीस वर्षांत एक शब्द हललेला नव्हता.

शनिवारी पहाटे नोलुंडीने मुलीला गाडीत घातलं आणि थेट समुद्र गाठला. दोघींनीही तो पहिल्यांदाच पाहिला. नोलुंडीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"याच्यापायी माझं एक वर्ष गेलं," ती म्हणाली आणि कॅन भरायला वाकली.

सोमवारी तिने तो कॅन प्लाइकीसबाईंच्या टेबलावर, त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यावरच ठेवला. बाई आता निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"मी कधी पाहिला नाही गं समुद्र," बाई म्हणाल्या.

नोलुंडी वीस वर्षं साठवलेलं सगळं बोलायला आली होती. त्यातलं एकच वाक्य तिच्या तोंडून निघालं.

"मग आम्हाला कशाला पाठवलंत?"