देवगिरीवरून दिसलेला उजेड

मोबाईलवर नाव सुभाषचं होतं, पण आवाज अनोळखी. शेळ्या चारणारा कुणी बोलत होता. "सायेब, हा फोन ज्यांचा हाय ते बोलंनात. अंग गार पडलंय. लवकर या." मी देवगिरीच्या माथ्यावर, बारादरीजवळ उभा होतो. महिना उलटला, तरी मला हे खरं वाटत नाही. सकाळी दोन कप चहा रिचवून, माझ्या पोटाची टिंगल करून गेलेला माणूस असा जातो कसा?

सुभाष कॉलेजात इतिहास शिकवायचा, मी वाळूजला कंपनीत. निवृत्तीनंतर त्यानं मला डोंगरांच्या नादी लावलं. खुलताबादच्या बाजूला एका टेकडीवर दगडांचा ढीग आहे. तो देवगिरीचा टेहळणी बुरूज, हे त्याचं ठाम म्हणणं. बाकीचे जाणकार मेंढवाड्याचे दगड म्हणून हसण्यावारी न्यायचे. त्याला ते फार लागायचं. रोमन साम्राज्याच्या सीमेवरचे मनोरे एकावरून दुसरा दिसेल असे बांधलेले असत, हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. "त्यांना जमलं, अन् देवगिरीवाल्यांना सुचलं नसंल व्हय?"

किल्ल्यावरून तो ढीग नुसत्या डोळ्यांना ओळखू येईना, म्हणून आम्ही दाढीचे आरसे घेतले. त्यानं तिकडून उजेड पाडायचा, मी उत्तर द्यायचं, आणि माझं उत्तर दिसलं की त्यानं आरसा स्थिर धरायचा, असं ठरलेलं. आधीच्या खेपा धुक्यात वाया गेल्या होत्या. त्या दिवशी मात्र पलीकडे लख्ख चमकलं. मी वेड्यासारखा आरसा हलवला... आणि तिकडचा उजेड स्थिर झाला. साठी उलटलेला मी, सहलीला आलेल्या पोरींसमोर चक्क नाचलो. म्हातारा जिंकला होता! उजेड बराच वेळ तसाच राहिला, मग एकदम उडी मारून विझला. पाठोपाठ तो फोन.

आरसा सुभाषच्या मांडीवर टेकलेला होता. शेळ्यावाल्यानं तो उचलून बाजूला ठेवला, तेव्हा उजेड विझला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. म्हणजे मी नाचत होतो तेव्हा...

तेराव्यानंतर वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, तुमचा उजेड त्यांना दिसला होता का?"

मी म्हणालो, "दिसला. म्हणून तर आरसा स्थिर धरला त्यानं."

वहिनी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडल्या. खरं काय ते मला माहीत नाही, आता कळणारही नाही. हल्ली सकाळी दाढी करताना आरशाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडतो. तो क्षणभर स्थिर झाला, तरी मी घाबरून आरसा हलवतो.